निमोला हॉस्टेलवर ॲडमिशन नको!

गॅदरिंगचे शिल्लक पैसे कशावर खर्च करायचे, हा सध्या आपल्या दोन्ही हॉस्टेलांमधला सर्वांत ज्वलंत प्रश्न आहे. युनिव्हर्सिटीचं टाईम टेबलसुद्धा इतक्या आवडीनं कुणी वाचत नसेल! कॅरम बोर्ड, वॉटर कूलर, मेसमध्ये नवा मिक्सर, अशा बऱ्याच सूचना आल्या. पण सगळ्यात जास्त हात वर झाले ते कॉमन रूममधल्या फिश टँकसाठी. आणि तोही साधा गोल्डफिशवाला नाही बरं का! खाऱ्या पाण्याचा, निळ्या लाईटचा, मधोमध ते हलणारं फूल आणि त्यात 'निमो'. "एकदम नाद खुळा दिसेल," असं एका सीनियरचं मत आहे. दिसेल, यात शंकाच नाही. तरीही माझं मत त्याच्या विरुद्ध आहे, आणि मेसच्या टेबलावर ते पूर्ण ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी ओळख करून देते. ज्याला आपण निमो म्हणतो तो क्लाऊनफिश. निमो हे नाव २००३ सालच्या कार्टून सिनेमानं दिलं, आणि आता एक्वेरियमच्या दुकानातही लोक 'निमो आहे का?' असंच विचारतात. या माशांच्या जगात सुमारे २८ जाती आहेत. आपल्या देशात ते अंदमान, लक्षद्वीप, तमिळनाडूकडचं मन्नारचं आखात अशा ठिकाणी सापडतात, म्हणजे जिथे उबदार, उथळ पाणी आणि प्रवाळ आहे तिथे. आणि हलणारं ते 'फूल' म्हणजे फूल नव्हेच. तो चक्क प्राणी आहे. त्याला मराठीत समुद्रफूल म्हणतात. नाव इतकं गोड, पण स्वभाव आपल्या व्हायवा घेणाऱ्या एक्स्टर्नलसारखा. शांत दिसतं आणि जवळ गेलेल्याला सोडत नाही!

समुद्रफुलाच्या प्रत्येक बोटावर, म्हणजे शुंडकावर, हजारो सूक्ष्म डंखपेशी असतात. प्रत्येक पेशीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली विषारी नळी. काही स्पर्श झाला की ती नळी बाहेर फेकली जाते, लहान मासा लुळा पडतो आणि मग सावकाश तोंडाकडे ओढला जातो. अशा ठिकाणी क्लाऊनफिश आरामात लोळतो, झोपतो, संसार करतो. कसं काय? त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर वेगळा असतो. इतर माशांच्या या थरात सियालिक ॲसिड नावाची शर्करा भरपूर असते आणि डंख सुटायला तिची मदत होते, असं मानलं जातं. क्लाऊनफिशच्या थरात ती फारच कमी. समुद्रफुलाला जणू कळतच नाही की कुणीतरी आत आलं आहे. शिवाय नवं घर धरताना मासा आधी शेपूट लावतो, मग पोट, असं हळूहळू अंग सवयीचं करून घेतो. आणि हे घरसुद्धा वाट्टेल ते चालत नाही. समुद्रफुलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या जेमतेम दहाच क्लाऊनफिशला आसरा देतात.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिली असेल. मला खरी महत्त्वाची वाटते ती पुढची, कारण ती आमच्या केमिकल ब्रांचच्या अगदी जवळची आहे. मटेरियल बॅलन्स! काय आत गेलं, काय बाहेर आलं?

मासा खातो, आणि त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं समुद्रफुलाला देतं. त्या शैवालाला नायट्रोजन हवा असतो, आणि तो मिळतो माशाच्या अमोनियातून. म्हणजे माशाचा कचरा हे शैवालाचं खत, शैवालाचं अन्न हे समुद्रफुलाचं जेवण, आणि समुद्रफुलाचे डंख हे माशाचं कुंपण. रात्री ऊन नसतं, शैवाल ऑक्सिजन बनवत नाही, तेव्हा मासा समुद्रफुलाच्या आत अंग हलवत राहतो. त्यानं पाणी खेळतं राहतं आणि समुद्रफुलाला ऑक्सिजन जास्त मिळतो, हे २०१३ साली प्रयोगानं दाखवलं गेलं. दिवसा हाच बोटभर मासा समुद्रफूल कुरतडायला आलेल्या मोठ्या माशांच्या अंगावर धावून जातो. कुणी कुणावर उपकार करत नाही. प्रत्येक जण आपापलं काम करतो आणि हिशेब जुळतो. आपल्या मेसचा हिशेब कधी असा जुळला आहे का, सांगा!

या घरात शिस्तही आहे. एका समुद्रफुलात साधारण एक मादी, एक नर आणि काही लहान मासे राहतात. सगळ्यात मोठी मादी, दुसऱ्या नंबरचा नर, आणि बाकीचे उंचीप्रमाणे रांगेत. रांगेतला प्रत्येक मासा आपल्या पुढच्यापेक्षा ठरावीक अंतरानं लहानच राहतो. पुढच्याच्या बरोबरीला आला तर मारामारी होते आणि घराबाहेर काढलं जाण्याची भीती असते. म्हणून तो स्वतःची वाढच रोखून धरतो. पापुआ न्यू गिनीत केलेल्या अभ्यासातून हे २००३ सालीच पुढे आलं, म्हणजे सिनेमा आला त्याच वर्षी. तालमीत नवा पोरगा वस्तादाच्या नजरेखाली वर्षानुवर्षं नंबरची वाट बघतो, तसंच काहीसं. फरक एवढाच, की तालमीतला पोरगा खुराक खाऊन वाढतो आणि इथे वाढायचंच नाही!

आता गंमत ऐका. मादी मेली तर काय होतं? दुसऱ्या नंबरचा नर काही दिवसांतच बदलायला लागतो आणि मादी होतो. तिसऱ्या नंबरचा मासा वाढतो आणि नर होतो. सिनेमात निमोची आई सुरुवातीलाच जाते आणि बाप पोराला शोधत समुद्र पालथा घालतो. खऱ्या समुद्रात बापच आई झाला असता. पण सिनेमावाल्यांनी एक गोष्ट खरी दाखवली. पोरांची काळजी घेणारा बाप. समुद्रफुलाच्या बुंध्याशी खडक साफ करून अंडी घातली जातात, आणि आठवडाभर पंखांनी वारा घालणं, खराब अंडी काढून टाकणं हे काम मुख्यतः नराचं. रात्रीच्या अंधारात पिल्लं बाहेर पडतात, दहा-बारा दिवस प्रवाहात वाहतात आणि मग वासाच्या खुणेनं समुद्रफूल शोधतात. एकदा घर मिळालं की बहुतेक जन्म तिथेच. मासा आपल्या समुद्रफुलापासून काही मीटरपलीकडे सहसा जातच नाही.

म्हणून माझा पहिला मुद्दा असा, की क्लाऊनफिश ही काचेत ठेवायची एकटी वस्तू नाही. त्याची ती रांग, ते खत, तो पहारा, ते घर, हे सगळं मिळून तो क्लाऊनफिश होतो. आपण दुकानातून त्यातला फक्त रंग विकत आणतो.

दुसरा मुद्दा प्रॅक्टिकल आहे आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना तो पटायला हवा. समुद्रात जो अमोनिया खत आहे, तोच टँकमध्ये विष आहे. अफाट पाण्यात तो पसरतो आणि वापरला जातो. दोन-अडीचशे लिटर पाण्यात मात्र तो साठतो. त्याला आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढवावे लागतात, त्यात काही आठवडे जातात. क्षारता लिटरमागे साधारण ३५ ग्रॅमच्या आसपास ठेवायची, उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानं रोज करायची, आणि समुद्रफूल हवं असेल तर शैवालासाठी उन्हासारखा प्रखर लाईट द्यायचा. त्यात ते समुद्रफूल जागा बदलत पंपाच्या तोंडाशी गेलं आणि चिरलं, तर सगळा टँक एका रात्रीत खराब. आता सांगा, हे रोज कोण करणार? आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री फाईल लिहायला सुरुवात होते!

आणि लाईट गेली तर? पंप बंद, हवा बंद, काही तासांत ऑक्सिजन खाली. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपल्यापैकी इथल्या मुला-मुलींना चांगला आठवत असेल. पंचगंगेनं शहराला वेढा घातला, कितीतरी भागांत वीज नव्हती, उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यानं नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं, माणसं टँकरच्या रांगेत उभी होती. २०२१ ला पुन्हा पूर आला. अशा वेळी माणसांचं बघायचं की माशांचं? दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपण बॅगा भरून गावाला. मग मासे कुणाच्या जिवावर? वॉचमन काकांच्या? त्यांच्या पगारात हे काम बसत नाही, आणि त्यांना कुणी विचारलेलंही नाही. क्लाऊनफिश वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. आपण चार वर्षांत पास आउट होतो. (काही जण पाच, असो.) म्हणजे आपल्या हौसेचं बिल पुढच्या पाच-सहा बॅचेस भरणार.

तिसरा मुद्दा, हे मासे येतात कुठून? बाजारात येणारी बरीचशी समुद्रफुलं समुद्रातूनच उचललेली असतात. समुद्रफूल सावकाश वाढतं, दीर्घायुषी असतं, आणि ते उचललं की त्यात राहणारं अख्खं माशांचं कुटुंब उघड्यावर येतं. फिलिपिन्समध्ये सेबूजवळ २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिथे दुकानांसाठी पकड चालते तिथे समुद्रफुलं आणि क्लाऊनफिश दोन्ही लक्षणीय कमी आढळले. आपल्या देशात प्रवाळ तर २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. टँक सजवायला कुणी प्रवाळाचा तुकडा देऊ केला तर तो गुन्हा आहे हे लक्षात ठेवा. २०१७ साली केंद्र सरकारनं १५८ जातींच्या शोभेच्या माशांवर बंधनं घालणारे नियम काढले होते, त्यात क्लाऊनफिशही होता. नंतर ते नियम मागे घेतले गेले. म्हणजे आता जे काही आहे ते आपल्या अकलेवर सोडलेलं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'सिनेमा आला आणि जगभर निमोची विक्री भरमसाट वाढली' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा त्याला ठोस पुरावा मिळाला नाही. तेव्हा उगाच सिनेमाला दोष द्यायला नको. सिनेमा तर उलट काचेच्या टँकमधून सुटकेचीच गोष्ट सांगतो. घ्यायचं की नाही हे आपण ठरवतो, कार्टून नाही.

यावर माझ्या रूममेटचं उत्तर तयार होतं. "अगं, आता हॅचरीत तयार झालेले निमो मिळतात की!" मुद्दा बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. समुद्री माशांची कृत्रिम पैदास अवघड असते, पण क्लाऊनफिशची जमली आहे. आपल्याच राज्यात, नवी मुंबईला ऐरोलीत, मँग्रोव्ह फाउंडेशन आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी मिळून शोभेच्या सागरी माशांची हॅचरी उभी केली आहे, आणि किनाऱ्यावरच्या लोकांना त्यातून रोजगार मिळावा हा तिचा हेतू आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर याच ब्युरोच्या मदतीनं स्थानिक बायका शोभेची कोळंबी वाढवतात, त्यातली एक तर समुद्रफुलांतच राहणारी. ही फार चांगली गोष्ट आहे. ज्या माणसाला रोज अर्धा तास द्यायचा आहे, जो घरी कायम आहे, त्यानं हॅचरीचा मासा घ्यावा, समुद्रफूल घेऊ नये. टँकमध्ये शत्रू नसतो, त्यामुळे क्लाऊनफिशला तिथे समुद्रफुलाशिवाय राहता येतं. माझा विरोध त्या माणसाला नाही. माझा विरोध आहे तो 'सगळ्यांचा' म्हणून घेतलेल्या आणि म्हणून कुणाचाच नसलेल्या टँकला. हॉस्टेलच्या टीटी टेबलाची जाळी कधीपासून फाटली आहे ते आठवून बघा. जाळी फाटली तर खेळ थांबतो. इथे जीव जाईल.

आणखी एक प्रश्न मला विचारला गेला. समुद्र इतका तापतोय, तर मासे टँकमध्येच जास्त सुरक्षित नाहीत का? हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. कारण समुद्रातली बातमी खरंच वाईट आहे. पाणी फार तापलं की समुद्रफूल आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. दिसायला सुंदर, पण ते उपाशी असतं. ताहितीजवळच्या मोरेआ बेटावर अशा पांढऱ्या पडलेल्या समुद्रफुलांतल्या माशांची प्रजननक्षमता ७३ टक्क्यांनी घटल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत पापुआ न्यू गिनीत १३४ क्लाऊनफिश दर महिन्याला मोजले, तर त्यांतल्या जवळपास तीन-चतुर्थांश माशांची लांबीच कमी झाली! बारीक झाले नाहीत, आखूड झाले. आणि जे नर-मादी जोडीनं आखूड झाले ते जास्त प्रमाणात जगले. त्याच वर्षी तांबड्या समुद्रात अभ्यासासाठी निवडलेल्या काही प्रवाळखडकांवर मात्र समुद्रफुलं मेली आणि त्यांच्यामागून जवळजवळ सगळे क्लाऊनफिश संपले. २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपचे प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

मग टँकच बरा? नाही. कारण मरतंय ते घर. हॅचरीत लाखभर मासे तयार केले तरी समुद्रात समुद्रफूल नसेल तर त्यांना सोडणार कुठे? टँकमध्ये आपण मासा वाचवत नाही, त्याचा फोटो जिवंत ठेवतो. पूरग्रस्त माणसाला हॉटेलात ठेवलं म्हणजे त्याचं गाव वाचलं असं होत नाही, तसंच हे. गाव वाचवायचं तर नदीचं, बांधाचं, पाण्याचं बघावं लागतं. आणि ते काम करणारी ब्रांच कुठली? आपलीच की! सांडपाणी शुद्ध करणारे सिव्हिलवाले, वीज वाचवणारे इलेक्ट्रिकलवाले, कमी कोळशात काम भागवणारे मेकॅनिकलवाले. पंचगंगेत काय सोडलं जातं आणि ते पुढे कृष्णेतून कुठल्या समुद्राला जातं, याचा मटेरियल बॅलन्स मांडणं हा आमच्या ब्रांचचा धडा आहे. कॉमन रूममधल्या निळ्या लाईटपेक्षा तो जास्त कामाचा.

तर मग त्या पैशांचं काय? माझी सूचना साधी आहे. आपल्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल असा समुद्र आहे, मालवणचा. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, आणि १९८७ पासून तिथला २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य आहे. आपल्याला मालवण म्हणजे सोलकढी, सुरमई थाळी आणि बोटीतले फोटो एवढंच माहीत. अभयारण्य आहे हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? तिथून जवळच्या विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं 'आंग्रिया बँक' हे पाण्याखालचं प्रवाळ पठार आहे. इतिहासात आंग्रे शिकलो, पण हे पुस्तकात कुणी सांगितलं नाही.

हिवाळ्यात ओहोटीची वेळ बघून जाऊ. सोबत जाणकार माणूस घेऊ. ओहोटीला कोकणातल्या खडकांच्या खळग्यांत लहान समुद्रफुलं दिसतात. निमो दिसेल असं मी अजिबात सांगत नाही, आणि निमो बघायला जायचंही नाही. त्या फुलाला हात लावायचा नाही, प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, शंख-शिंपले खिशात घालायचे नाहीत. फक्त बसून बघायचं. पाणी भरायला लागलं की फूल कसं उघडतं ते बघायचं. मेसच्या मावशींना आणि वॉचमन काकांनाही न्यायचं, कारण पैसे गॅदरिंगचे आहेत आणि गॅदरिंगच्या रात्री आपल्याइतकेच तेही जागले होते.

येत्या रविवारी मीटिंग आहे. रेक्टर सर आणि मॅडम दोघंही येणार आहेत. टँकच्या बाजूचे लोक जास्त आहेत हे मला माहीत आहे, पण हात वर करायच्या आधी एवढं एकच सांगा : मे महिन्यात, हॉस्टेल रिकामं असताना, त्या माशांना खायला कोण घालणार? ज्याचं नाव पुढे येईल त्याचं मत मी पहिलं ऐकेन. कुणाचंच नाव आलं नाही, तर मालवणच्या गाडीचं भाडं किती ते मी आधीच विचारून ठेवलं आहे.